टाकीतला रेडकाचा वाटा

कुशाबा गॅस प्लँटवर पहिल्यांदा गेला तो हातात केरसुणी घेऊन. झाडायला नव्हे. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि कुठे गळून पेटलाच तर दिवसाउजेडी त्याची ज्योतही दिसत नाही. म्हणून संशय आला की लांब दांडीला बांधलेली केरसुणी पुढे धरून चालायचं. ती पेटली की समजायचं, इथे आग आहे. लॅबच्या निशिगंधा मॅडमनी हे त्याला पहिल्या दिवशी नीट समजावून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, केरसुनी पेटली तर ती घेऊन पळायचं का टाकून पळायचं?"

"टाकून! हे काय विचारणं झालं?"

"मंग बरं. घरात केरसुनी फेकली तर आई मारायची. लक्ष्मी हाय म्हनायची. म्हनून इचारून घेतलं."

हे शहाण्णव सालचं. त्याआधी तीन वर्षं कुशाबा महाडच्या एमआयडीसीतल्या त्या छोट्या कंपनीत पिंपं लोटत होता. मूळचा कुडपणचा, पोलादपूर तालुक्याच्या पार माथ्यावरचा. घरी चार म्हशी, नाचणी-वरीची डोंगरउताराची जमीन, आणि म्हातारी आई बयाबाई. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत हा माणूस डोंगर उतरला तो बाजारापुरता. पण मुलगी रंजिता चौथीत पहिली आली, आणि पुढची शाळा खाली होती. पोरीच्या जातीला इतकं शिकवून काय करायचंय, असं वाडीतली चार माणसं म्हणाली. कुशाबाने त्यांना उत्तरही दिलं नाही. म्हशी आईच्या हवाली केल्या, बायकोमुलीला घेऊन महाडला खोली केली आणि मिळालं ते काम धरलं. याबद्दल त्याला कुणी शाबासकी दिली नाही, आणि त्याने ती मागितलीही नाही.

आता त्या यंत्राबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कंपनी औषधांसाठी लागणारा कच्चा माल करायची. तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जाड पोलादी बंद भांड्यात घालायचा, आणि वरून दाबाने हायड्रोजन सोडायचा. पूर्वी हा गॅस सिलिंडरांतून लांबून यायचा. पावसात ट्रक अडकला की कंपनी हातावर हात ठेवून बसायची. म्हणून मालकांनी गॅस इथेच काढायचं ठरवलं. मिथेनॉल हे पाण्यासारखं पातळ द्रव्य. टँकरने आणावं, टाकीत भरून ठेवावं. त्याच्या पोटात हायड्रोजन असतो. ते पाण्यात मिसळून त्याची वाफ करायची आणि तापलेल्या नळ्यांतून न्यायची, की हायड्रोजन मोकळा होतो. तो शुद्ध करून साठवणीच्या टाकीत भरायचा आणि तिथून ऑटोक्लेव्हला द्यायचा. नळ्या तापवायला भोवताली गरम तेल फिरवायचं, आणि मिथेनॉल आत ढकलायला एक पंप. बस्स, एवढंच.

चालवायला मात्र ते यंत्र महा नाठाळ निघालं.

त्याचं असं की ऑटोक्लेव्हची भूक सारखी नसते. सुरुवातीला गॅस बेताने ओढतो, मध्येच एकदम भसाभसा ओढायला लागतो, शेवटी पुन्हा मंदावतो. टाकीचा काटा पडायला लागला की कुणीही काय करेल? पंप वाढवेल. गॅस कमी पडतोय, तर मिथेनॉल जास्त ढकला. पण जास्त मिथेनॉल आत गेलं की त्याची वाफ करण्यातच नळ्यांची ऊब खर्च होते. नळ्या निवतात, आणि गॅस वाढायच्याऐवजी आणखी घटतो. मग ऑपरेटर घाबरून पंप आणखी वाढवतो. पहिल्या दोन महिन्यांत आयटीआय झालेले तीन ऑपरेटर या खड्ड्यात पडले. त्यातला एक तर हे आपल्याच्याने व्हायचं नाही म्हणून मुंबईला निघून गेला.

कुशाबाचं काम केरसुणी घेऊन फिरण्याचं आणि दर अर्ध्या तासाला काट्यांचे आकडे तक्त्यावर लिहिण्याचं. आकडे इंग्रजी. त्याला ते येत नव्हते, आणि त्याने ते लपवलंही नाही. निशिगंधा मॅडम महाडच्याच. एम.एस्सी. झालेल्या, तिशीच्या, स्कूटरवरून येणाऱ्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लॅबच्या ओट्यावर खडूने लिहून त्याला आठ दिवसांत आकडे शिकवले. सहा आणि नऊ यांत त्याचा गोंधळ व्हायचा. मॅडम चिडायच्या, पुसायच्या, पुन्हा लिहायच्या. त्या आठ दिवसांचे उपकार कुशाबाने जन्मभर मानले. इतके की मॅडमनाच त्याचा संकोच व्हायचा.

एके दुपारी पुन्हा तेच झालं. खालच्या मजल्यावर ऑटोक्लेव्हवर सदू होता, तोंडाने फटकळ, मनाने बरा. त्याची हाक आली.

"गॅस दे रे वर कोन हाय तो! झोपलास काय?"

गॅसवरचा ऑपरेटर पंपाचं चाक फिरवायला लागला. कुशाबा मागून म्हणाला, "नको वढूस. ती चोरते हाय."

"कोण चोरतंय?"

"ही." कुशाबाने यंत्राकडे बोट दाखवलं. "पान्हा चोरते हाय. सड वढलं की म्हस करते तसं. जरा सोड तिला."

"मग तूच काढ धार!" म्हणून ऑपरेटर रागाने बाजूला झाला.

कुशाबाने खरंच पंप निम्म्यावर आणला, गरम तेलाचा व्हॉल्व्ह वाढवला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. खालून सदूच्या शिव्या येत होत्या. एक मिनिट गेलं, दोन, चार. काटा पडतच होता. सहाव्या मिनिटाला थांबला. मग हलक्याने वर चढायला लागला, आणि कुशाबाने पंप एक-एक घर वाढवत नेला.

निशिगंधा मॅडम लॅबच्या दारातून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या मॅनेजरसमोर जाऊन बसल्या.

"त्याला गॅसवर घ्या."

"मॅडम, तो माणूस नववी नापास असेल."

"चौथी पास आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमच्या तिघांपेक्षा त्याला यंत्र कळतं."

अशी कुशाबाला गॅस प्लँटची खुर्ची मिळाली. लोखंडी, एक पाय किंचित आखूड. पण कुडपणहून उतरल्यावर डोंगरावरचं त्याचं शहाणपण कुणाच्या उपयोगी पडलं ते प्रथम या खुर्चीत, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सकाळी बसताना तो खुर्चीला हात लावून नमस्कार करी. सदू हसायचा. हसू दे.

हे शहाणपण मुळात बयाबाईचं. कुशाबा आठ वर्षांचा असताना तिने त्याला म्हशीखाली बसवलं होतं. आधी आंबोण, म्हणजे भिजवलेली पेंड, पुढे ठेवायचं. मग पाठीवर थाप, रेडकू कासेला लावायचं, आणि थांबायचं. पहिली धार जमिनीवर, देवीची. पान्हा येण्याआधी सड ओढलेस तर म्हैस आवरून धरते, मग दिवसभर बसलास तरी थेंब नाही. आणि चरवी कितीही मोठी असो, शेवटचं दूध काढायचं नाही. ते रेडकाचं.

कुशाबाने हे सगळं यंत्राला लावलं. ऑटोक्लेव्हला भूक लागायच्या आधी पाव तास तेल वाढवायचं, म्हणजे भूक लागेल तेव्हा नळ्या तयार असतील. पण भूक कधी लागणार हे सदूला कळायचं, आत ढवळणाऱ्या फिरकीच्या आवाजावरून. म्हणून दोघांचं ठरलं. सदू खालून ओरडायचा, "आंबोण घाल रे कुशाबा!" की वर तेल वाढलंच. एकदा तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांनी हे ऐकलं आणि विचारलं, कारखान्यात जनावरं ठेवता काय? मॅनेजरांनी साहेबांपुढे चहाचा कप सरकवला.

आणि रेडकाचा वाटा? साठवणीच्या टाक्या दोन होत्या, एक मोठी, एक छोटी. कुशाबा मोठीवर काम चालवायचा. छोटी काठोकाठ दाबाने भरून, व्हॉल्व्ह बंद करून, त्याच्या चाकाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून ठेवायचा. सहा वर्षांत ती पट्टी त्याने तीनदा सोडली. तिन्ही वेळा वीज गेली होती, आणि तिन्ही वेळा माल वाचला.

दोन हजार दोन साली कंपनीत राजेश साहेब आले. पुण्याचे इंजिनिअर, वय एकोणतीस. माणूस वाईट मुळीच नव्हता. कामात कष्टाळू, बोलण्यात सरळ. त्यांनी गॅस प्लँटवर पॅनेल बसवलं. टाकीचा काटा पडला की पंप आपोआप वाढणार, चढला की आपोआप कमी होणार. दोन्ही टाक्या कायम जोडलेल्या ठेवायच्या, म्हणजे साठा मोठा आणि काटा स्थिर. कागदावर सगळं बिनचूक होतं. फक्त नळ्या निवतात ही गोष्ट कागदावर नव्हती, कारण ती कुणी कधी लिहिलीच नव्हती. ती कुशाबाच्या हातात होती.

मग वरून हुकूम आला, ऑगस्टपासून पॅनेलवर फक्त डिप्लोमावाले. कुशाबाने पुन्हा पिंपांच्या यार्डात जावं.

पगार तोच राहणार होता. निशिगंधा मॅडम भांडून आल्या, उपयोग झाला नाही. रविवारी कुशाबा कुडपणला गेला आणि त्याने आईला सांगितलं, "काम बदललंय. पगार तोच हाय."

"मंग त्वांड का असं, वैरन नासल्यावानी?" बयाबाई म्हणाली.

तो उठून म्हशींपुढे वैरण टाकायला लागला. पिंपं कुणीही लोटतं. त्या खुर्चीत बसून तो जे करत होता ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, आणि आता ते कुणाला नको होतं. एवढंच काय ते त्याला बोचत होतं.

सोमवारी त्याने ताबा दिला. राजेश साहेबांनी भिंतीवर मराठीत सूचना लावली होती: दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडे ठेवावेत. कुशाबाने ती अक्षराला अक्षर लावून वाचली आणि छोटीचा व्हॉल्व्ह उघडला. पाळी संपल्यावर फाटकापर्यंत गेला. तिथून परत आला. दोन्ही टाक्या तेव्हा पूर्ण दाबाने भरलेल्या होत्या. त्याने छोटीचा व्हॉल्व्ह गच्च बंद केला आणि पट्टी चाकाच्या खालच्या अंगाला बांधली, सहज दिसणार नाही अशी. सगळी कास दुसऱ्याच्या हाती कोरडी व्हायला सोडून जाणं त्याच्याने झालं नाही.

इथे कुशाबा चुकला. त्यावर सारवासारव करायची गरज नाही. बंद करायचीच होती तर सांगायला हवं होतं. त्याने कुणालाही सांगितलं नाही.

पाच दिवस निभावले. काटा जरा जास्तच वरखाली नाचतो असं राजेश साहेबांना वाटलं, पण पॅनेल नवं आहे, बसेल, असं ते म्हणाले. शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला कुशाबा यार्डात पिंपांवर नंबर घालत होता, आणि त्याचा हात थांबला. गॅस प्लँटचा पंप टक-टक असा चालतो. तो आता टकटकटक करत होता. सड ओढल्यासारखा.

कुशाबा धावला. बावन्न वर्षांचा माणूस, पावसाने निसरडा झालेला लोखंडी जिना दोन-दोन पायऱ्या चढत गेला.

वर राजेश साहेब पॅनेलसमोर उभे होते, डिप्लोमावाला ऑपरेटर त्यांच्या तोंडाकडे बघत होता. सदूच्या ऑटोक्लेव्हमध्ये त्या दिवशी ताजं कॅटॅलिस्ट, म्हणजे गॅस ओढायला लावणारी भुकटी, पडलं होतं, भूक जबर लागली होती. टाकीचा काटा बारावरून सहावर. पंप पूर्ण. नळ्या दोनशे पासष्टवरून दोनशे अडतीसवर, आणि अजून उतरत होत्या. आणि खाली अर्धवट झालेला माल. गॅस मध्येच तुटला तर तो नुसता काळा पडून वाया जात नाही, आपला आपण तापायला लागतो. तो किती तापेल हे कुणी सांगत नाही.

"साहेब, पंप निम्मा करा," कुशाबा धापा टाकत म्हणाला.

"निम्मा? गॅस संपतोय इथे!"

"म्हनून तर. ती निवली हाय. सोडा तिला. तेल वाढवा."

"कुशाबा, तू खाली जा बरं. हे—"

तेवढ्यात निशिगंधा मॅडम लॅबमधून पळत आल्या. त्यांनी एकदा काट्याकडे बघितलं, एकदा राजेशकडे.

"पॅनेल हातावर घ्या."

"मॅडम, काटा सहावर आहे!"

"दिसतोय मला. पंप किती वेळ पूर्ण आहे? दहा मिनिटं? त्याने गॅस वाढला का? नाही ना? मग ज्याने सहा वर्षं हे चालवलंय त्याचं ऐका की!"

राजेश साहेबांचं मोठेपण हे, की त्यांनी ऐकलं. बटण फिरवून पंप पॅनेलच्या ताब्यातून काढला. कुशाबाने पंप निम्म्यावर आणला, तेल पूर्ण सोडलं आणि जिन्यावरून खाली ओरडला, "सदू, फिरकी हळू कर! थंड पानी फुल सोड!"

"केली रे! पन तापतोय हा! गॅस दे!"

काटा पाचवर आला. नळ्या दोनशे बत्तीस. त्या परत तापायला सात-आठ मिनिटं तरी हवीत, हे कुशाबाला आपल्या हाताच्या रेषेसारखं माहीत होतं. आणि ऑटोक्लेव्ह चालतो चारावर. चाराखाली गेलं की संपलं.

छोटी टाकी पाच पावलांवर होती. भरलेली. ती उघडली की माल वाचणार, आणि ती बंद कुणी केली होती हेही उघड होणार. मग खुर्ची तर सोडाच, नोकरीही जाणार. त्याने ती पाच पावलं टाकली. खाली वाकून लुगड्याच्या पट्टीची गाठ सोडवली. गाठ ओली होती, सुटेना, मग दातांनी ओढून सोडवली. व्हॉल्व्ह उघडला.

काटा चारावरून उठला आणि आठवर जाऊन थरथरत थांबला.

 सगळे नळ्यांच्या आकड्याकडे बघत होते. दोनशे बत्तीस. बत्तीस. चौतीस. एकेचाळीस. कुशाबा हाताची घडी घालून उभा होता, सहा वर्षांपूर्वी होता तसाच. पन्नास झाल्यावर त्याने पंप एक घर वाढवला. थोड्या वेळाने आणखी एक. बऱ्याच वेळाने सदूचा आवाज आला.

"वढतोय! बरोबर वढतोय! कोन हाय रे वर? कुशाबा?"

"व्हय."

"मंग आदी का नाय आलास भाड्या!"

निशिगंधा मॅडम हसल्या आणि लगेच भिंतीला टेकून बसल्या.  राजेश साहेब मात्र छोट्या टाकीकडे बघत होते.

"ही बंद होती?"

"व्हय साहेब. मी केली."

"कधी?"

"सोमवारी. जाताना."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी उघडली असती."

राजेश साहेबांचा चेहरा लाल झाला. "तुला कळतंय का? पॅनेलचं सगळं गणित दोन टाक्यांवर बसवलंय. एकच चालू होती म्हणून काटा एवढ्या वेगाने पडला. पाच दिवस मी डोकं फोडतोय की हा नाचतो का!"

कुशाबाने खाली मान घातली नाही. "मंग चूक माझी. लिवा साहेब. अंगठा नाय, सही करतो. तारीख पन घालतो."

आणि त्याने खरंच घातली. इंग्रजी आकड्यांत, नऊ नऊसारखा काढून.

राजेश साहेब दोन दिवस अहवाल लिहीत बसले. सोप्पं होतं खरं तर. चौथी पास कामगाराने सूचना मोडली, त्यामुळे गडबड झाली, एवढ्यावर अहवाल संपवता आला असता आणि नवं पॅनेलही निर्दोष ठरलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी लिहिलं: छोटी टाकी बंद ठेवणं आणि ते न सांगणं ही कुशाबाची चूक. ती चालू असती तर काटा सावकाश पडला असता; कदाचित त्या दिवशी काही झालंही नसतं. पण काटा पडला की पंप वाढवायचा ही मांडणीच चूक आहे, आणि ती माझी. आज नाही तर महिन्याने हेच झालं असतं, आणि तेव्हा दोन्ही टाक्या रिकाम्या असत्या. पॅनेल दुरुस्त करायला मला कुशाबा हवा आहे.

मॅनेजरांनी दोन कागद काढले. एक मेमो, सूचना मोडल्याबद्दल. दुसरा, गॅस प्लँटवर परत नेमणूक. कुशाबाने दोन्ही घेतले, दोन्ही कपाळाला लावले. सदू म्हणाला, "अरे येड्या, मेमो कपाळाला लावतात काय?"

"खरं लिवलंय त्यात," कुशाबा म्हणाला. "आनि तरी ठेवलंय मला."

पॅनेल सुधारायला राजेश साहेब त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसले. किती आधी तेल वाढवतोस? पंप किती वेगाने? कुशाबाला आकड्यांत सांगता येईना. शेवटी वैतागून म्हणाला, "माझ्या आईला इचारा."

साहेबांनी ते खरं धरलं. एका रविवारी ते, निशिगंधा मॅडम आणि कुशाबा पोलादपूरहून एसटी जाईल तिथपर्यंत गेले आणि पुढे चढले. बयाबाई तेव्हा सत्तरीची. गोठ्याच्या दारात उभं राहून तिने साहेबांना खालीवर न्याहाळलं.

"ह्यो कोन? डाक्टर?"

"इंजिनेर हाय गो आये."

"म्हशीचा?"

मॅडमना हसू आवरेना. साहेब पँट सावरत उकिडवे बसले आणि त्यांनी हातातलं घड्याळ काढलं. बयाबाईने आंबोण ठेवलं, रेडकू लावलं. साहेबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

"गप ऱ्हा की बाबा! तुझ्या आवाजानं ती चोरते हाय."

 इंजिनिअर होऊन सात वर्षांत त्यांना असं कुणी गप्प केलं नसेल. मिनिटं गेली. मग म्हशीने कान खाली सोडले, सड भरून आले, आणि पहिली धार जमिनीवर पडली. साहेबांनी वहीत वेळ लिहिली. चरवी भरत आली तशी बयाबाई उठली.

"झालं? अजून आहे की त्यात," साहेब म्हणाले.

"हाय ना. पन ते तुझ्यासाठी नाय."

रेडकू पुन्हा सुटलं आणि कासेला ढुशी मारून प्यायला लागलं.  वहीत साहेबांनी आणखी काहीतरी लिहिलं. काय ते मॅडमनी विचारलं नाही.

महिन्याभरात पॅनेल नव्याने बसलं. आधी तेल, मग पंप, तोही हळूहळू. नळ्या ठरल्यापेक्षा निवल्या तर पंप वाढणारच नाही. आणि छोटी टाकी वेगळी, कायम भरलेली. तिच्या व्हॉल्व्हला लाल पाटी लागली, निशिगंधा मॅडमच्या अक्षरात: रेडकाचा वाटा. कुशाबाला विचारून उघडणे. खाली लुगड्याची पट्टीही राहिली. ती काढायला कुणी सांगितलं नाही.

दरवर्षी कुडपणची म्हैस व्याली की खरवसाचा डबा कंपनीत यायचा. पहिली वडी मॅडमची, दुसरी साहेबांची, मग बाकीच्यांची. सदू विचारायचा, साहेबांची कशाबद्दल रे? मेमोबद्दल? कुशाबा म्हणायचा, व्हय, मेमोबद्दलच. रंजिता शिकून नर्स झाली तेव्हा पेढ्यांचा मान त्याच क्रमाने झाला.

दोन हजार आठमध्ये कुशाबा अठ्ठावन्न पुरा करून घरी गेला. निरोपाला त्याच्याकडून भाषणाची अपेक्षा होती. तो उभा राहिला, "या कंपनीनं मला आकडे शिकवले," एवढं म्हणाला आणि बसला.  राजेश साहेब तोवर मॅनेजर झाले होते. कुणीतरी म्हणालं, पाटीवरचं नाव आता बदलायला हवं. साहेब म्हणाले, काही गरज नाही.

कुडपणला तेव्हा मोबाइलला रेंज एकाच जागी यायची, वाडीच्या टोकाला, कड्याजवळच्या कातळावर. ऑटोक्लेव्हला भूक लागते ती बहुधा दुपारी तीनच्या आसपास. कुशाबा रोज तीनला त्या कातळावर जाऊन उभा राहायचा. बयाबाई ओरडायची, "पेन्शन कंपनी देते आनि राखन कातळाची करतोस काय रं?" तो ऐकून घ्यायचा आणि जायचा. बहुतेक दिवशी फोन यायचा नाही. आलाच तर प्लँटमध्ये मोबाइल चालत नाही म्हणून सदू पॅनेलशेजारच्या तारेच्या फोनवरून बोलायचा. तो आता गॅसवर होता.

"कुशाबा, काटा पाचावर आलाय. छोटी उघडू का?"

"तेल?"

"वाढवलंय."

"नळ्या?"

"दोनशे पंचावन्न. चढतायत."

"मंग थांब. देईल ती."

दोघेही फोन धरून थांबायचे. खाली महाडच्या बाजूला ढग, वर वारा. थोड्या वेळाने सदू म्हणायचा, "चढला रे. सहा झाला."

"बरं," कुशाबा म्हणायचा. "मॅडमना नमस्कार सांग. साहेबांना पन." आणि फोन खिशात घालून धारेला वळायचा.